अस्वलं वाढली म्हणून शिकारीला परवाने द्यायचे? एका मजकुराला उत्तर

छोटाउदेपूर किंवा दाहोदकडून अस्वलाच्या हल्ल्याची बातमी आली की आपल्या बडोद्याच्या मराठी ग्रुपांवर एक जुना मजकूर पुन्हा फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गुजरातेत अस्वलं फार वाढलीत, दरवर्षी पाच-दहा मारायला परवाने दिले तर काही बिघडत नाही. गायकवाडांच्या काळी शिकार चालायची तरी जंगलं भरलेली होती. कॅनडा-स्वीडनमध्ये शिकार करूनच अस्वलं टिकली आहेत. आणि शिकार सुरू झाली की हल्ले थांबतील. हा मजकूर पाठवणारी माणसं आपलीच आहेत, रविवारी जांबुघोड्याला, झंड हनुमानला जाणारी. जखमी माणसाबद्दलची त्यांची कळकळ खरी आहे. म्हणूनच गप्प बसवत नाही.

"अस्वलं फार वाढलीत."

2016 च्या गणनेत गुजरातेत 343 अस्वलं होती, 2022 मध्ये 358. म्हणजे सहा वर्षांत पंधरा. जंगली जनावरांच्या मोजणीत एवढी चूकभूल सहज होते. शिवाय ही 358 एका जागी नाहीत. एक घोळका उत्तरेला बनासकांठा-साबरकांठ्यात आहे. दुसरा आपल्या बाजूला, रतनमहाल, जांबुघोडा, छोटाउदेपूर आणि खाली नर्मदेकाठच्या शूलपाणेश्वरपर्यंत पसरलेला. मधे शेतं, रस्ते, गावं. रतनमहाल अभयारण्य 1982 साली मुख्यतः अस्वलांसाठीच जाहीर झालं आणि त्याचं क्षेत्रफळ जेमतेम 56 चौरस किलोमीटर आहे. ज्यांची फुलं अस्वलं खातात ती मोहाची झाडं जंगलात कमी होऊन बांधावरची तेवढी उरली, तर एकच अस्वल चार दिवसांत तीन गावांना दिसतं. लोकांना वाटतं, तीन आली.

"पाच-दहा मारली तर काय होतं?"

सगळ्या मजकुराचा पाया हाच आहे, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ. एखाद्या डोंगरपट्ट्यात साठ अस्वलं आहेत असं धरा. त्यांत तीस माद्या, आणि पिल्लं देण्याच्या वयाच्या अठरा. आपल्या अस्वलाची मादी एका वेताला एक किंवा दोन पिल्लं देते, तीन क्वचित. थंडीच्या सुमाराला कपारीत किंवा बिळात पिल्लं होतात, काही आठवड्यांनी ती आईच्या पाठीवर चढतात आणि खांद्यावरच्या लांब केसांना धरून महिनोन्‌महिने तिथूनच जंगल बघतात. जगातल्या बाकीच्या अस्वलांत पिल्लांना असं नेमाने पाठीवर वागवायची रीत नाही. दोन-अडीच वर्षं ती आईसोबतच असतात आणि तोवर ती पुन्हा वीत नाही. म्हणजे तीन वर्षांतून एक वेत. अठरा माद्यांची वर्षाला सहा वेतं, दीडच्या हिशोबाने नऊ पिल्लं. त्यांतली निम्मी मोठी झाली असं धरलं, तर वर्षाला चार-पाच नवी अस्वलं. म्हातारपण, आजार, उघड्या विहिरी आणि गाड्यांखाली जाणारी अस्वलं, ही सगळी तूट याच चार-पाचांतून भरून निघायची असते. त्यावर आणखी पाच परवाने दिले तर वजाबाकी पहिल्याच वर्षी सुरू होते. आकडे मी मानलेले आहेत. ते थोडे वरखाली केले तरी उत्तर फारसं बदलत नाही.

अनेकांच्या डोक्यात इथे रानडुक्कर असतं. डुकरीण एका वेताला चार-सहा पिल्लं देते आणि ती वर्षभरात मोठी होतात. त्यामुळे चार डुकरं मारली तरी कळप लवकर भरतो. तो हिशोब अस्वलाला लावणं हीच या मजकुराची मूळ चूक आहे. अस्वलांत सगळा भार मोठ्या माद्यांवर असतो. वर्षाच्या आतली पिल्लं पाठीवर असताना आई मेली तर पिल्लंही जातात. एका गोळीत तीन जीव, आणि त्या मादीची पुढची सगळी वेतं.

फ्रान्समधल्या पिरेनीज डोंगरात हे शेवटच्या टोकापर्यंत गेलं. 2004 च्या नोव्हेंबरमध्ये आस्प खोऱ्यात रानडुकरांच्या शिकारीला गेलेल्यांपैकी एकाच्या गोळीने कानेल नावाची अस्वलीण मेली. त्या डोंगराच्या मूळ वंशातली ती शेवटची मादी होती. तिचं पिल्लू वाचलं, पण तो नर होता. आज तिथे जी अस्वलं आहेत ती स्लोव्हेनियातून आणून सोडलेल्यांच्या वंशातली. लहान घोळक्यात एका मादीची किंमत एवढी असते.

"मग फक्त नर मारू," असंही कोणी म्हणतं. मोहाखाली, झुंजुमुंजू उजेडात, वीस पावलांवरून काळ्या झिपऱ्या अंगाचं अस्वल नर की मादी हे कोण सांगणार? आणि नर मारणंही फुकट पडत नाही. स्वीडन-नॉर्वेत 1984 पासून तपकिरी अस्वलांचा अभ्यास चालू आहे. जिथे मोठे नर मारले गेले तिथे नवे नर शिरले आणि त्यांनी आधीची पिल्लं मारली, असं तिथल्या संशोधकांनी 1997 मध्येच मांडलं. पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते, त्यातला हा प्रकार. ती जात आपल्या अस्वलाची नव्हे, मान्य. पण नर मेल्याने काहीच बिघडत नाही, हे म्हणणं त्यानंतर उरत नाही.

"गायकवाडांच्या काळी शिकार होती, तरी जंगलं भरलेली होती."

मुळात रतनमहाल देवगडबारियाच्या संस्थानात होतं. जांबुघोडा आणि छोटाउदेपूर ही स्वतंत्र संस्थानं. तिथे गायकवाडांचा अंमल नव्हता. पण बडोद्याचंच उदाहरण हवं असेल तर चित्त्याचं घ्या. काळविटांच्या शिकारीसाठी गायकवाडांकडे पाळलेले चित्ते असत. चित्ता पिंजऱ्यात सहसा वीत नसे, म्हणून दर वेळी जंगलातूनच धरून आणावा लागे. धरणं आणि मारणं दोन्ही चालू राहिलं, माळरानं नांगराखाली गेली. 1947 मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानाच्या महाराजांनी तीन चित्ते मारले, त्यानंतर भारतातल्या मूळच्या रानटी चित्त्याची खात्रीची नोंद जवळपास नाही, आणि 1952 मध्ये तो संपल्याचं जाहीर झालं. जंगलं भरलेली होती ती शिकारीच्या आधीच्या पिढ्यांच्या शिलकीवर. ती शिलक आता नाही.

"कॅनडा-स्वीडनमध्ये शिकारीनेच अस्वलं टिकली."

स्वीडनमध्ये 1930 च्या सुमारास शिकारीमुळे 130 च्या आसपास अस्वलं उरली होती. संरक्षण मिळाल्यावर 2008 पर्यंत ती सुमारे 3,300 झाली. मग शिकारीचे कोटे, म्हणजे वर्षाला किती मारायची ती मर्यादा, वाढवले आणि 2022 च्या सुमारास आकडा 2,400 च्या आसपास घसरला. 2024 मध्ये कोटे खाली आणावे लागले. आणि तिथे पिल्लांसोबतच्या मादीवर बंदूक उचलायला बंदीच आहे, हे या मजकुरात कुठेच लिहिलेलं नसतं.

कॅनडातल्या मॅक्लिन्टॉक चॅनेल भागात ध्रुवीय अस्वलं सातशेच्या आसपास असतील या अंदाजावर कोटा ठरला होता. 1998 ते 2000 मध्ये नीट मोजली तेव्हा 284 निघाली. 2001 मध्ये शिकार थांबवली, पुढेही अगदी मोजकीच ठेवली. 2014 ते 2016 च्या मोजणीत ती 716 वर आली. टिकली ती शिकार आवरल्यामुळे. मोजणी नीट नसताना दिलेल्या कोट्याने काय होतं, ते याच उदाहरणात दिसतं.

"शिकार झाली की हल्ले थांबतील."

हल्ले कसे होतात ते बघा. चैत्रात पहाटे माणसं मोहाची फुलं वेचायला जातात. माणूस टोपली घेऊन वाकलेला, अस्वलही त्याच झाडाखाली मान खाली घालून फुलं हुंगतंय. त्याची नजर मंद, आणि खाताना त्याचा स्वतःचाच फुसफुस आवाज एवढा की पावलं ऐकू येत नाहीत. चार पावलांवर दोघं एकमेकांना दिसतात. सोबत पिल्लं असली तर मादी पळत नाही, सरळ अंगावर येते. दुसऱ्या डोंगरात पाच अस्वलं मारून या झाडाखालची गाठ कशी टळणार? गोळी लागून निसटलेलं अस्वल मात्र पुढच्या माणसासाठी जास्त धोक्याचं.

आणि कायद्याने हात बांधलेत हेही खरं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 11 प्रमाणे एखादं अस्वल माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलं आणि त्याला पकडणं, बेशुद्ध करून हलवणं शक्य नसलं, तर मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारायची लेखी परवानगी देऊ शकतात. स्वतःचा जीव वाचवताना अस्वल मेलं तर तो गुन्हा धरत नाहीत. त्या एका जनावरासाठी वाट आहे. परवाने वाटून कुठलंही अस्वल मारण्याची वाट नाही, आणि ती नसावीच.

मोहाच्या दिवसांत फटफटल्यावरच निघणं, एकट्याने न जाता मोठ्याने बोलत जाणं, सोबत कुत्रा न नेणं, कारण घाबरलेला कुत्रा अस्वलाला मालकाकडेच आणतो, एवढ्यानेही अशा गाठी कमी होतात. अस्वलाचा पंजा बहुधा तोंडावर बसतो. डोळा, नाक, जबडा फाटलेल्या माणसाला त्या गावातून मोठ्या दवाखान्यापर्यंत आणायला गाडी लागते, पुढे महिनोन्‌महिने शस्त्रक्रिया लागतात, घर चालवायला नुकसानभरपाई वेळेवर लागते. ग्रुपवर हा मजकूर पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने यातल्या एका गोष्टीसाठी वनखात्याला किंवा आमदाराला पत्र लिहिलं, तर पहाटे मोहाची फुलं वेचणाऱ्या बाईला त्याचा उपयोग होईल.