चांगीवरची खसखस

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरणाऱ्या पाहुण्याला जो तो एकच सल्ला देतो: च्युइंगगम नेऊ नकोस. जणू भारतातून निघणारी प्रत्येक आई पदराला गमची पाकिटं बांधूनच निघते! 1992 पासून गमची आयात-विक्री बंद आहे हे खरं. लोक मेट्रोच्या दारांना गम चिकटवत आणि दारं अडून बसत. 2004 पासून दातांसाठीचा औषधी गम तेवढा दंतवैद्य-फार्मासिस्टकडे मिळतो. पण आम्हा इथल्या मराठी घरांची खरी धास्ती वेगळीच असते. खसखशीची.

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. त्याला मॉर्फिनचा अंश असू शकतो, म्हणून इथे ते मनाईच्या यादीत. आता मराठी बाळंतपण आणि दिवाळी खसखशीवाचून करून दाखवा! डिंकाच्या लाडवात ती, करंजीच्या सारणात ती, गोड्या मसाल्यातही बरेच जण घालतात. अनारसा तर तिच्यावरच थापायचा. फोनवर हे सांगितलं की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, "अगं, मूठभर तर आहे! आणि भाजून कुटून घातलीये, कोणाला दिसणार?" ज्या देशाच्या जुन्या आगमन कार्डावर 'अमली पदार्थांच्या तस्करीला मृत्युदंड' असं लाल अक्षरांत छापलेलं असे, तिथे हा युक्तिवाद करून बघू नये.

लाडवातली खसखस गाळून खोबरं वाढवा, काही बिघडत नाही. अनारशाला तीळ लावा, बिहारात लावतातच. मात्र तीळ तुपात सुटतो, करपतो आणि पुढच्या घाण्यावर काळे ठिपके आणतो. म्हणून थापताना तळव्याने दाबून बसवायचा, अनारसा उलटायचा नाही आणि झाऱ्याने वरून तूप उडवायचं. मसाला विकतचा असेल तर पाकिटामागची यादी भिंग लावून वाचा.

दुसरं प्रकरण बाबांच्या खिशातलं. चघळायची तंबाखू, जर्दा, गुटखा, सगळं बंद. महाराष्ट्रातही 2012 पासून गुटखाबंदी असल्यामुळे 'बंदी' हा शब्द ऐकून आपल्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही. बंदी म्हणजे टपरीवाला खालून काढून देतो, एवढंच. इथे अख्खा देशच बृहन्मुंबईपेक्षा जरासा मोठा. खालून काढायला 'खाली' आणायचं कुठून? सिगारेट तर एकही करमुक्त नाही. आपणहून विमानतळावर कस्टम्सच्या लाल मार्गिकेत जायचं, जाहीर करायचं, कर भरायचा. नातवासाठी फटाके नकोत, आणि पिस्तुलाच्या आकाराचा लायटरही नको. तोसुद्धा यादीत आहे. यादी करणाऱ्याने आपल्या जत्रा पाहिलेल्या दिसतात.

औषधं मूळ स्ट्रिपमध्ये आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. वेलदोड्याच्या डबीत एकत्र केलेली रंगीत गोळ्यांची मिसळ समजावून सांगणं अवघड जातं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा झोपेच्या काही गोळ्या असतील तर आधी अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. आगमन कार्ड उतरण्याआधीच, उतरण्याचा दिवस धरून तीन दिवसांच्या आत, ऑनलाइन भरायचं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली असेल तर ती सरकारी नाही, बंद करा.

एवढं करून आई घरी पोचली की दुसऱ्या दिवशी बाल्कनीत तुळस येते आणि तुळशीखाली बशी. त्या बशीत पाणी साचतं आणि डास अंडी घालतात. डेंगीपायी पर्यावरण खात्याचे निरीक्षक घरोघर येऊन अशाच बशा बघतात. अळ्या सापडल्या तर 200 सिंगापूर डॉलर दंड. "देवाच्या तुळशीला दंड?" असं आई विचारते. मग बशी काढली जाते. आता पाणी खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकतं. त्याची तक्रार डासवाल्यांकडे नाही, वसाहतीची देखभाल पाहणाऱ्या टाउन कौन्सिलकडे जाते.