औषधाला पैसा की वकिलाला?

गरीब रुग्णांसाठी म्हणून एखाद्या स्वयंसेवी संस्थेकडे पैसा जमा झाला, तर तो औषधांवर आणि शस्त्रक्रियांवर खर्च व्हावा की वकिलांच्या पगारावर, या प्रश्नावरून कट्ट्यावर बरीच जुंपली. आमच्यात एक डॉक्टर मैत्रीण आहे, एक वकील मित्र आहे, संस्थांचे हिशेब तपासणारा एक मित्र आहे आणि कामगार संघटनेत उभे आयुष्य घालवलेल्या ताई आहेत. केंद्र आणि राज्य सरकारे मिळून गरिबांच्या उपचारांसाठी चालवतात त्या अमेरिकेतल्या मेडिकेड योजनेबद्दल वकील मित्र काही सांगत होता आणि तिथून ठिणगी पडली. या वादात मी तटस्थ नव्हतो, हे आधीच सांगतो. वकिलांवर खर्च होणारा पैसा वाया जातो, हे मला मान्य नाही आणि त्याची कारणे या चर्चेतच अधिक स्पष्ट झाली.

डॉक्टरचे म्हणणे सरळ होते. “समोर रुग्ण बसलेला असतो, त्याला आज इन्सुलिन हवे असते आणि तुम्ही त्याला तीन वर्षांनी निकाल लागेल अशी याचिका दाखवता. त्या पैशात किती जणांची औषधे आली असती, याचा विचार तुम्ही लोक करत नाही.”

वकिलाने तिच्याच हिशेबाने उत्तर दिले. १९६५ मध्ये सुरू झालेल्या मेडिकेडमधून आज सुमारे सात कोटी गरीब, अपंग, वृद्ध आणि मुले यांच्या उपचारांचा खर्च भागतो आणि कोणतीही देणगी, कोणताही धर्मादाय दवाखाना त्याच्या जवळपासही पोहोचू शकत नाही. “इतक्या मोठ्या योजनेत एखादा नियम चुकीचा लावला गेला, तर हजारो माणसे एका फटक्यात बाहेर पडतात आणि तोच नियम दुरुस्त झाला, तर हजारो आत येतात. तू एका रुग्णाचे इन्सुलिन मोजतेस. ते इन्सुलिन ज्या दारातून यायचे ते दारच बंद होत असेल, तर तिथे कुणीतरी उभे राहायला नको का?”

हिशेबनीस मित्राची शंका वेगळी होती आणि मला ती अधिक गंभीर वाटली. दवाखाना चालवणारी संस्था किती रुग्ण तपासले ते दाखवू शकते, पण वकिली करणाऱ्या संस्थेने देणगीदाराला काय दाखवायचे? खटला जिंकला तरी त्यामुळे नेमक्या किती जणांना उपचार मिळाले, हे कोण आणि कसे मोजणार, असे त्याने विचारले. या प्रश्नाला त्या दिवशी कुणीच धड उत्तर देऊ शकले नाही. माझ्या मते ही अडचण खरी आहे, पण मोजायला अवघड आहे म्हणून ते काम कमी मोलाचे ठरत नाही.

यानंतर वकिलाने जे समजावून सांगितले ते मी जरा सविस्तर लिहितो, कारण या कामाचा जीव मोठ्या खटल्यांपेक्षा एका कागदात असतो, असे मला ते ऐकताना जाणवले. तो कागद म्हणजे लाभार्थ्याच्या घरी येणारी नोटीस. मेडिकेडच्या केंद्रीय नियमांनुसार एखाद्याचा लाभ बंद किंवा कमी करायचा असेल, तर सर्वसाधारणपणे निदान दहा दिवस आधी त्याला लेखी कळवावे लागते. काय कारवाई होणार, कोणत्या तारखेपासून, कोणत्या नेमक्या कारणाने, कोणत्या नियमाच्या आधारे आणि सुनावणी कशी मागायची, हे सर्व त्यात असावे लागते. कारवाईच्या तारखेच्या आत सुनावणी मागितली, तर निकाल लागेपर्यंत उपचार बहुधा चालू ठेवावे लागतात. सुनावणीला माणूस एकटा जाऊ शकतो, नाहीतर वकील, नातेवाईक किंवा मित्र यांना सोबत नेऊ शकतो. त्याला स्वतःची फाइल पाहता येते आणि समोरच्या साक्षीदाराला प्रश्नही विचारता येतात. या व्यवस्थेमागे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९७० मधला ‘गोल्डबर्ग विरुद्ध केली’ हा निकाल आहे. तो मुळात उपचारांबद्दल नव्हता, न्यूयॉर्कमधल्या निर्वाहभत्त्याबद्दल होता. ज्या मदतीवर माणूस जगतो ती त्याचे म्हणणे ऐकून घेण्याआधी तोडता येणार नाही, असे त्यात ठरले आणि तो खटला गरिबांसाठी काम करणाऱ्या वकिलांनीच लढवला होता.

“आता बघ,” तो डॉक्टरला म्हणाला, “ही नोटीस घरी येते तेव्हा आजारी माणसाला त्यातले काय कळते? दहा दिवसांच्या आत अर्ज केला तर उपचार चालू राहतात, अकराव्या दिवशी केला तर सुनावणी मिळते पण तोवर उपचार थांबलेले असतात. शिवाय सुनावणीत हरलो तर मधल्या काळातला खर्च राज्य वसूल करू शकते, या भीतीने कितीतरी लोक अर्जच करत नाहीत. त्या वेळी फोनवर बोलायला, कागद वाचून दाखवायला, अर्ज भरून द्यायला कुणीतरी लागते आणि फी न घेता हे करणारे लोक बहुतेक वेळा अशा संस्थांचेच असतात.”

आर्कान्सा राज्याचे उदाहरण यातूनच निघाले. तिथे घरी राहून मदतनीसाची सेवा घेणाऱ्या अपंग आणि वृद्ध लोकांना आठवड्याला किती तास मिळावेत, हे पूर्वी परिचारिका येऊन, माणसाला पाहून ठरवत असत. २०१६ मध्ये राज्याने हे काम संगणकाच्या एका सूत्राकडे सोपवले. प्रकृतीत काहीही सुधारणा नसताना अनेकांचे तास झपाट्याने कमी झाले आणि का, असे विचारल्यावर घरी आलेल्या परिचारिकेलाही कारण सांगता येईना. ‘लीगल एड ऑफ आर्कान्सा’ या संस्थेच्या वकिलांनी ते सूत्र उलगडून दाखवायला भाग पाडले, तेव्हा त्यात चुका सापडल्या. सेरेब्रल पाल्सीसारखा विकार त्यात नीट धरलाच गेला नव्हता. अंथरुणावर खिळलेल्या माणसाला कूस बदलून देणारे हात दिवसातले काही तास नाहीसे होतात, त्याला व्रण होतात, वेळेवर स्वच्छता होत नाही आणि या सगळ्याचे मूळ संगणकाच्या आज्ञावलीत असते! हे ऐकून डॉक्टर बराच वेळ काही बोलली नाही. पुढे लोकांना रीतसर न कळवता, त्यांचे म्हणणे न मागवता हा नियम आणला गेला, या मुद्द्यावर २०१८ मध्ये राज्याच्या न्यायालयाने ती पद्धत थांबवली.

पण डॉक्टरने माघार घेतली असे नाही. तिने दक्षिण आफ्रिकेतला १९९७ चा डायलिसिसचा खटला काढला. मूत्रपिंडे निकामी झालेल्या एका माणसाला सरकारी रुग्णालयाने यंत्रे अपुरी आहेत म्हणून नाकारले होते. त्या देशाच्या राज्यघटनेत आरोग्यसेवेचा हक्क स्पष्ट लिहिलेला असूनही घटना न्यायालयाने त्याची मागणी मान्य केली नाही आणि तो माणूस त्यानंतर लवकरच वारला. “न्यायाधीश यंत्र आणून देऊ शकत नाही,” ती म्हणाली. “मग यंत्रालाच पैसे द्या ना.”

तिचा मुद्दा योग्य होता, पण त्याच देशातली पुढची हकिकत त्याला जोडून सांगायला हवी आणि ती ताईंनी सांगितली. आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण कमी करणारे नेव्हिरॅपिन हे औषध कंपनीने पाच वर्षे मोफत द्यायची तयारी दाखवली होती, तरीही सरकारने ते प्रत्येक प्रांतात दोन, अशा मोजक्या केंद्रांपुरतेच ठेवले होते. ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ ही उपचारांसाठी लढणारी संघटना न्यायालयात गेली, लीगल रिसोर्सेस सेंटर या वकिली करणाऱ्या संस्थेचे वकील तिच्या बाजूने उभे राहिले आणि जुलै २००२ मध्ये घटना न्यायालयाने हे निर्बंध काढायला लावले. “इथे पैसा नव्हता म्हणून औषध अडले नव्हते,” ताई म्हणाल्या. “औषध होते, डॉक्टर होते, फक्त परवानगी नव्हती. मात्र एक लक्षात ठेवा. ही संघटना १९९८ पासून रस्त्यावर होती. रुग्ण स्वतः मोर्चे काढत होते, औषधाची माहिती वस्तीवस्तीत सांगत होते. नुसत्या वकिलांनी हे झाले नसते.” भारतातले उदाहरणही त्यांनी याच अंगाने दिले. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या शेतमजुराला पश्चिम बंगालमधली सरकारी रुग्णालये एकामागून एक परत पाठवत राहिली. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची टंचाई ही सबब चालणार नाही, असे ठरवले. त्या खटल्यात तो मजूर एकटा नव्हता, ‘पश्चिम बंग खेत मजदूर समिती’ ही शेतमजुरांची संघटना त्याच्यासोबत होती.

ताईंचे हे म्हणणे मला पूर्ण पटते. ज्यांच्यासाठी खटला आहे ती माणसे संघटित नसतील, तर निकाल कागदावर राहतो, कारण त्याची अंमलबजावणी होते की नाही हे रोज पाहणारे कुणी उरत नाही. पण याचा उलटा अर्थ काढून, संघटना असली की वकील नको, असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही.

हिशेबनीस मित्र इतका वेळ ऐकत होता. त्याने चर्चा पुन्हा आर्कान्साकडेच नेली. २०१८ च्या जूनमध्ये त्या राज्याने मेडिकेडसाठी कामाची अट आणली. ठरावीक वयाच्या लाभार्थ्यांनी महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा तत्सम काही केल्याचे कळवायचे आणि तीन महिने ते जमले नाही तर उरलेल्या वर्षासाठी संरक्षण बंद. सुरुवातीला हे फक्त संकेतस्थळावरून कळवता येत होते आणि ते संकेतस्थळ रात्री बंद असे. वर्ष संपेपर्यंत १८,००० हून अधिक लोक योजनेबाहेर गेले. नंतरच्या एका अभ्यासात दिसले की ज्यांच्यावर ही अट लादली होती त्यांच्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक लोक एकतर ती आधीच पूर्ण करत होते, नाहीतर सवलतीला पात्र होते. म्हणजे माणसे कामचुकार नव्हती, कागदात अडकली होती. नॅशनल हेल्थ लॉ प्रोग्राम, लीगल एड ऑफ आर्कान्सा आणि सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या संस्थांनी दावा लावला आणि मार्च २०१९ मध्ये केंद्रीय न्यायालयाने केंद्र सरकारने या अटीला दिलेली मंजुरी रद्द केली. गरिबांना उपचार मिळवून देणे हा योजनेचा मूळ उद्देश आहे आणि मंजुरी देताना त्याचाच विचार झाला नाही, हे त्याचे कारण होते.

“जिंकले,” तो म्हणाला, “आणि जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदाच करून ८० तासांची अट बहुतेक राज्यांतल्या ठरावीक प्रौढांसाठी आणली. १ जानेवारी २०२७ पर्यंत ती लागू व्हायची आहे. मग त्या खटल्याला लागलेला पैसा आणि वर्षे गेली कुठे?”

वकिलाने यावर सारवासारव केली नाही. उलट आणखी एक वाईट बातमी त्यानेच सांगितली. लाभार्थ्याने राज्याला थेट केंद्रीय न्यायालयात खेचण्याचा जो मार्ग होता तोही अरुंद होत चालला आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुश्रूषागृहातल्या रुग्णांना तो मोकळा ठेवला, पण जून २०२५ मध्ये, आपल्या पसंतीचा वैद्यकीय सेवादाता निवडण्याच्या मेडिकेडमधल्या तरतुदीसाठी लाभार्थ्यांना असा दावा करता येणार नाही, असा निकाल ६ विरुद्ध ३ मतांनी दिला. त्यात १९९६ पासून, गरिबांच्या कायदेशीर मदतीसाठी केंद्राचा निधी वाटणाऱ्या लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनकडून पैसा घेणाऱ्या संस्थांना सामूहिक दावे लढवायला बंदी आहे आणि ती त्यांनी इतरत्र जमवलेल्या पैशालाही लागू होते. “म्हणून तर तो पैसा न घेणाऱ्या संस्था लागतात आणि त्यांना देणगीचा पैसा लागतो,” तो म्हणाला. “आणि वर्षे कुठे गेली म्हणशील, तर त्या वर्षांत माणसांना उपचार मिळाले. मधुमेह असलेल्या माणसाची सहा वर्षे वाया गेली, असे तू म्हणशील का?”

या उत्तराने हिशेबनीसाचे समाधान झाले नाही, माझे मात्र झाले. कायमचा निकाल हाच यशाचा निकष लावायचा, तर डॉक्टरांनाही कुणाला बरे केले असे म्हणता येणार नाही.

शेवटी डॉक्टरनेच विषय पुढे नेला. नव्या कायद्यात प्रकृतीने दुर्बल असलेल्यांना सवलत आहे, हे तिने बोलण्यातून टिपले होते. “म्हणजे ही सवलत मिळणे तिथल्या डॉक्टरच्या कागदावर अवलंबून असणार. तो कागद कसा हवा?” वकील म्हणाला, “‘रुग्ण अशक्त आहे, विश्रांतीची गरज आहे’ एवढेच लिहिले, तर तो बहुधा टिकत नाही. आजार कोणता, त्यामुळे कोणते काम किती वेळ करता येत नाही, ही स्थिती किती महिने राहील आणि उपचार तुटले तर काय होईल, हे नियमातल्या शब्दांना धरून लिहावे लागते.” बोस्टनमध्ये एका बालरोगतज्ज्ञाने १९९३ मध्ये हे ओळखले होते, असेही त्याने सांगितले. दमेकरी मुले औषध घेऊन ओलसर, बुरशी धरलेल्या घरात परत जात आणि पुन्हा आजारी पडून येत, म्हणून त्याने रुग्णालयातच वकील नेमून घेतला.

ती म्हणाली, “वकील दवाखान्यात बसणार असेल, रुग्णाला त्याच्याकडे पाठवायचे काम मी करणार असेन आणि ज्या दिवशी नोटीस आली त्याच दिवशी तो अर्ज लिहिणार असेल, तर त्याच्या पगाराला माझी हरकत नाही. पण औषधाच्या पैशातून नको, तो वेगळा जमवा.” हिशेबनीसाने लगेच विचारले की वेगळा पैसा देणारा माणूस कुठून आणायचा आणि ताईंनी संघटनेच्या वर्गणीचा विषय काढला. त्यावर पुन्हा मतभेद झाले आणि ते अजून मिटलेले नाहीत.