‘आपल्या पुरात कोण आले होते?’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेले काही आठवडे कोल्हापुरात पेठेतल्या, तालमीच्या आणि अगदी निवृत्त शिक्षकांच्याही व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. सुदान किंवा गाझामधल्या उपाशी कुटुंबांसाठी मदत मागणाऱ्यांना तो चार प्रश्न विचारतो : आपल्या महापुरात जगातले कोण आले होते? शंभर रुपयांतले पाच तरी तिथे पोचतात का? पन्नास वर्षे मदत खाऊनही ते देश उपाशीच कसे? आणि द्यायचेच असेल तर पैसे कशाला, घरातले जुने कपडे आणि धान्य का नको? हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांत २०१९ च्या महापुरात पाण्यात उतरून शेजाऱ्यांना बाहेर काढणारेही आहेत, त्यामुळे त्याला हसून सोडून देणे मला योग्य वाटत नाही.

महापुरात परदेशी पथके आली नाहीत, हे खरे आहे. आपल्याकडे लष्कर, नौदल आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल होते, आणि २००४ च्या त्सुनामीपासून आपत्तीच्या वेळी परदेशी सरकारांची मदत सहसा न घेण्याचे भारताचेच धोरण आहे. तेव्हा न बोलावलेला पाहुणा आला नाही म्हणून रुसण्यात अर्थ नाही. बोलावले तेव्हा मात्र जग आले होते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या पिढीला अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी अजून आठवते, आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरचे पुनर्वसन जागतिक बँकेच्या कर्जाच्या आधाराने झाले.

पण कोल्हापूरकराने हा प्रश्न विचारावा, याचे मला विशेष नवल वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हाकलले. त्यांतले जे वाचले आणि इराणमार्गे बाहेर पडू शकले, त्यांच्यापैकी सुमारे पाच हजार जण, बहुतांशी स्त्रिया, मुले आणि वृद्ध, १९४३ पासून १९४८ पर्यंत आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, नाटकेही होत असत. खर्चाचा मुख्य भार पोलंडच्या लंडनस्थित निर्वासित सरकारने उचलला, तरी जागा आणि शेजार कोल्हापूरचा होता. त्याच १९४३ साली बंगालच्या दुष्काळाने लाखो माणसे मारली, म्हणजे देशात सुबत्ता होती म्हणून पाहुणे ठेवले, असेही म्हणता येणार नाही. पोलिश लोक गेल्यावर फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे त्याच छावणीत आली आणि त्यातूनच आज आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो ते गांधीनगर उभे राहिले. महावीर उद्यानातल्या या पोलिश लोकांच्या स्मृतिस्तंभासमोरून रोज फिरायला जाणाऱ्यांनी तो एकदा थांबून पाहावा.

‘शंभरातले पाच’ हा आकडा कुठून आला, ते संदेशात दिलेले नाही. मला दाट संशय आहे की, राजीव गांधी १९८५ साली रुपयातले पंधरा पैसेच गरिबापर्यंत पोचतात असे जे म्हणाले होते, त्याचीच ही आणखी झिजलेली आवृत्ती असावी. ते विधान आपल्याच सरकारी योजनांविषयी होते. संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम देणग्यांतून अप्रत्यक्ष खर्चापोटी साधारणपणे साडेसहा टक्के घेतो. उरलेल्यातला मोठा वाटा वाहतुकीवर जातो, हे मान्य करायला हवे, पण त्याला गळती म्हणणे चूक आहे. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता त्या दिवसांत शिरोळच्या एखाद्या गावात पिण्याच्या पाण्याचा कॅन पोचवायला किती खर्च आला असेल, याचा अंदाज आपण करू शकतो. दक्षिण सुदानमध्ये पावसाळ्यात रस्तेच बुडतात, तेव्हा धान्याची पोती विमानातून टाकावी लागतात. चोरीही होते : २०२३ साली इथिओपियात धान्य परस्पर वळवले जात असल्याचे उघड झाले, तेव्हा याच कार्यक्रमाने आणि अमेरिकेने तिथले वाटप थांबवले. त्या थांबण्याची किंमत मात्र चोरांपेक्षा उपाशी माणसांनी अधिक मोजली, आणि म्हणून ‘चोरी होते, सबब मदत बंद’ हे तर्कशास्त्र मला पटत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत फसवा आहे, कारण त्यात भूक म्हणजे आळसाचे फळ असे गृहीत धरलेले आहे. सुदानचे मुख्य धान्य आपल्यासारखेच ज्वारी आहे आणि गझिरा ही तिथली कालव्यावरची विस्तीर्ण शेती आहे. एप्रिल २०२३ मध्ये दोन सेनापतींचे युद्ध पेटले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते गझिरात शिरले, शेतकरी पळाले. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये दारफुरमधल्या विस्थापितांच्या झमझम छावणीत दुष्काळमृत्यूंची स्थिती, म्हणजे ‘फॅमिन’, असल्याचे तज्ज्ञांच्या समितीने जाहीर केले. या कुटुंबांनी पन्नास वर्षे काय केले, तर ज्वारी पेरली. मदत वेळेवर पोचली तर काय होते, याचे उत्तर सोमालियात मिळते. २०११ साली इशारे असूनही जग उशिरा हलले आणि सुमारे दोन लाख साठ हजार माणसे गेली, त्यांतली निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालची मुले होती. २०२२ मध्ये पाऊस त्याहूनही वाईट होता, मृत्यू तेव्हाही हजारोंनी झाले, पण मदत आधी वाढवल्यामुळे ‘फॅमिन’ जाहीर करण्याची वेळ टळली. आणि मदत घेणारा कायम घेणाराच राहतो म्हणावे, तर मिलो खाणाऱ्या आपल्याच देशाने २०२१ साली अफगाणिस्तानसाठी पन्नास हजार टन गहू जाहीर केला आणि २०२२ मध्ये अटारीवरून ट्रक रवाना केले.

राहिले जुने कपडे. २०१९ मध्ये पूर ओसरल्यावर उघड्यावर भिजत पडलेले कपड्यांचे ढीग ज्यांनी पाहिले, त्यांना यावर फार सांगायला नको. एका घराला शेगडी हवी होती, दुसऱ्याला म्हशीसाठी चारा, तिसऱ्याला मुलांची पुस्तके, आणि म्हणूनच सरकारने सानुग्रह अनुदान रोख आणि खात्यावर दिले. रोख रक्कम दारूत जाते या शंकेसाठी जागतिक बँकेच्या संशोधकांनी २०१४ साली निरनिराळ्या देशांतले १९ अभ्यास तपासले, तेव्हा दारू-तंबाखूवरचा खर्च एकंदरीत वाढल्याचे आढळले नाही. जिथे बाजारच उरलेला नाही तिथे वस्तू न्याव्या लागतात, हे खरे. पण त्या वस्तूही आपल्या माळ्यावर पडलेल्या नसतात. तीव्र कुपोषित मुलाला शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे यांच्या लगद्याची ९२ ग्रॅमची पाकिटे सहा ते आठ आठवडे द्यावी लागतात. एका पाकिटात पाचशे कॅलरी असतात, ते न शिजवता आणि पाणी न घालता खाता येते, आणि ते कारखान्यातून विकतच घ्यावे लागते.