काठाची चर्चा, पाण्याची बातमी

पवई तलाव भरून वाहू लागल्याची बातमी दर पावसाळ्यात मुंबईहून माझ्यापर्यंत पोहोचते. तलावाची क्षमता ५४५ कोटी लीटर असल्याचे महानगरपालिका सांगते, आणि हे पाणी पिण्यायोग्य नसल्याने ते औद्योगिक कामांसाठी व आरे वसाहतीत वापरले जाते, हेही त्याच बातमीत असते. त्यानंतर वर्षभर चर्चा चालते ती काठाची: सुशोभीकरण, रोषणाई, जलपर्णी काढण्याचे कंत्राट. मी कांजूरमार्गला वाढलो आणि आता कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, कवार्था भागातील एका तलावाकाठच्या लहान वस्तीत राहतो. येथून पाहताना मला तीव्रतेने जाणवते की पवईच्या पाण्यात काय मिसळते आणि किती मिसळते, ही मूळ गोष्टच रहिवाशांच्या रोजच्या माहितीत येत नाही.

आमच्या वस्तीतील बहुतेक घरे उन्हाळी आहेत. मालक शहरातून सुट्टीला येतात. रहिवासी संघाच्या पत्रकात खासगी रस्त्याची डागडुजी, वार्षिक सभेची तारीख, सापडलेली होडी अशा बातम्या असतात, आणि त्यांच्याच शेजारी तलावाच्या पाण्याची पारदर्शकता छापलेली असते. ती मोजण्याची पद्धत अगदी साधी आहे. काळ्या-पांढऱ्या पाव भागांची, वीस सेंटिमीटर व्यासाची तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते ते लिहून ठेवायचे. प्रांताच्या ‘लेक पार्टनर प्रोग्रॅम’साठी स्वयंसेवक हे मोजमाप करतात, शिवाय पाण्याचे नमुने डॉर्सेट येथील प्रयोगशाळेला पाठवतात. तेथे त्यांतील फॉस्फरस तपासला जातो.

फॉस्फरसच का, याचे उत्तर याच प्रांताने जगाला दिले. वायव्य ऑन्टारिओतील २२६ क्रमांकाच्या तलावाचे १९७३ मध्ये पडदा लावून दोन भाग करण्यात आले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातले, फॉस्फरस मात्र एकाच भागात. तोच भाग शेवाळाने हिरवागार झाला. सांडपाण्यातून आणि खतांतून फॉस्फरस तलावात येतो, म्हणूनच आमच्या पत्रकात सेप्टिक टँक तीन ते पाच वर्षांनी उपसून घेण्याची आठवण असते, आणि काठालगतची झुडपे कापून हिरवळ लावू नये, तिला खत घालू नये, असा आग्रह असतो.

पवईत घरगुती सांडपाणी तलावात येते आणि त्यातील पोषकद्रव्यांवर जलपर्णी पोसली जाते. ती काढणे आवश्यकच आहे, पण येणारे सांडपाणी अडवले नाही तर काढलेली जलपर्णी पुन्हा वाढणार आणि कंत्राटही पुन्हा निघणार. पवई तलावाच्या काठाने महापालिका बांधत असलेल्या सायकल मार्गाच्या प्रकरणात नागरिक आणि विद्यार्थी न्यायालयात गेले, आणि मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते बांधकाम बेकायदा ठरवून ते हटवण्याचा व जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. तो निकाल मला मोलाचा वाटतो. त्याने तलावाचा काठ वाचला. नाल्यांतून येणारे पाणी मात्र त्या निकालाच्या कक्षेत नव्हते.

असे असले तरी आमची वस्ती जशीच्या तशी आदर्श म्हणून मुंबईपुढे ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. येथील तलावांच्या काठाची बरीच जमीन खासगी आहे, आणि पाण्याविषयीची आस्था अनेकदा घरासमोरच्या देखाव्यापाशी थांबते. जवळच्या पिजन लेकमध्ये अनिशिनाबे हा मूळनिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात उगवणारा जंगली भात गोळा करत आला आहे. होड्यांना आणि पोहण्याला अडथळा होतो म्हणून काही घरमालकांनी तोच भात काढून टाकण्याची मागणी केली, आणि त्यावरून कडवट वाद झाला. तलावाची निगा कोणासाठी राखायची, हा प्रश्न येथेही सुटलेला नाही. पवईच्या काठी मासे धरणारी पाड्यांवरची कुटुंबे आहेत, विसर्जनाला येणारी मंडळी आहेत, संध्याकाळी कठड्यावर बसणारे हजारो लोक आहेत, पाण्यात मगरी आहेत. ही सार्वजनिकता हे पवईचे मोठे बळ आहे, आणि सुशोभीकरणाच्या नावाखाली कोणी तिच्यावर कुंपण घालू लागले तर त्याला विरोधच व्हायला हवा.

येथून मुंबईने घ्यावे ते एवढेच, की पाण्याचे आकडे ही शेजारपाजारची बातमी व्हावी. पवईत मोजमाप करू शकणाऱ्यांची वाण नाही. आयआयटी तर काठावरच आहे. तपासण्या होतात, अहवालही तयार होतात, पण ते कार्यालयांत आणि न्यायालयांत पोहोचतात, सोसायटीच्या सूचना फलकापर्यंत येत नाहीत. प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी दरमहा घेतलेले आकडे, सोप्या मराठीत, पाणीकपातीच्या आणि लिफ्टच्या दुरुस्तीच्या सूचनांशेजारी लागले पाहिजेत. हिरानंदानीपासून चांदिवलीपर्यंतच्या मोठ्या संकुलांतील सभासदांनी वार्षिक सभेत पार्किंगइतक्याच नेटाने विचारावे: आपले सांडपाणी प्रक्रिया केंद्र रोज चालते का, त्याच्या तपासणीचा ताजा अहवाल कोठे आहे, आणि तेथून बाहेर पडणारे पाणी नेमके कोणत्या नाल्याला मिळते? ज्या वस्त्यांना मलवाहिनीच मिळालेली नाही, त्यांच्यासाठी ती टाकून देण्याची मागणीही याच सभांतून महापालिकेकडे गेली पाहिजे, कारण त्या वस्त्यांनी आपले सांडपाणी नाल्याखेरीज दुसरीकडे सोडावे अशी सोयच शहराने केलेली नाही.