‘सत्तरीनंतर चालू नका’ या मेसेजला उत्तर

नाशिकच्या ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: सत्तरीनंतर चालल्याने गुडघे झिजतात, अशक्त माणसाने आरामच करावा, दहा हजार पावलं होत नसतील तर चालून उपयोग नाही, आणि बाहेर गेलात की पडणारच.

सगळ्यात घातक आहे तो आरामाचा सल्ला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात साठी ओलांडलेल्या धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं. तेवढ्यात पायांचं जवळपास एक किलो मांस उतरलं. मग आधीच वजन घटलेल्या, हाताच्या आधाराशिवाय खुर्चीतून न उठणाऱ्या आजींचं काय होईल?

गुडघ्यांचं म्हणाल तर कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार पडतो आणि सुटतो, तेव्हाच आतल्या द्रवातून तिचं पोषण होतं. गुडघा सुजून गरम झाला असेल, तर मात्र चालणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

दहा हजारांचा आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायच्या यंत्राबरोबर विकला गेला. २०१९च्या अमेरिकी पाहणीत, रोज साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्या वृद्ध स्त्रियांत मृत्यूचं प्रमाण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं. ठणठणीत बायका मुळातच जास्त चालतात, हे खरं. तरी दहा हजारांची अट काही टिकत नाही.

पडण्याची भीती मात्र खोटी नाही. नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं, असा भक्कम पुरावा नाही. तोल सांभाळण्याच्या आणि पायांत बळ आणणाऱ्या व्यायामांनी ते साधारण पावपट कमी होतं. म्हणून चालण्याला खुर्चीतून उठबस, कठडा धरून टाचा उचलणं यांची जोड हवी. अमेरिकेत सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या १,६३५ जणांवर हेच करून पाहिलं. निकाल २०१४ साली आला. सरासरी अडीच वर्षांत, आरोग्यावरची व्याख्यानं ऐकणाऱ्यांपैकी ३५.५ टक्के लोकांची चारशे मीटर चालण्याची क्षमता गेली. व्यायाम करणाऱ्यांत ३०.१ टक्के लोकांची. चमत्कार नव्हे. पण चारशे मीटर म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आपलं आपण आणणं, आणि म्हातारपणी त्याची किंमत मोठी असते.

माझी तक्रार आहे ती आपल्या चालण्याच्या गटांबद्दल. गोल्फ क्लब किंवा कृषीनगरच्या ट्रॅकवर पहाटे झपझप चालणाऱ्यांना अशक्त माणूस गाठणार कसा? नाशकात जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो. अशक्तांनी ऊन पडल्यावरच निघावं. गोदाकाठी जायचं तर घाटाच्या ओल्या पायऱ्या टाळाव्यात. ट्रॅक लांब असेल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार जण जमले तरी पुरे. वेग सगळ्यात सावकाश चालणाऱ्याचा, मध्ये बसायला खुर्ची, आणि कोणी आलं नाही तर संध्याकाळी एक फोन. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.