भिंतीआडचा धिंगाणा

परवा मामांशी फोनवर बोलताना विषय नेहमीच्या वळणावर आला. त्यांच्या सोसायटीच्या कंपाउंडबाहेरच्या कठड्यावर संध्याकाळी पलीकडच्या वस्तीतली पोरं बसतात, मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावतात, थुंकतात, म्हणून आता कठड्यावर लोखंडी टोकं बसवायचा ठराव पास झालाय. मामा म्हणाले, "ह्या लोकांना सिव्हिक सेन्स नाहीच रे. तुझं बरंय, तिकडे असले लोक नसतात." मी इंग्लंडमध्ये राहतो, आणि इकडे असले लोक नुसते असतात असं नाही तर त्यांच्यासाठी वेगळा कायदा आहे, हे मामांना सांगायला घेतलं तर त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. फोनवर राहून गेलं ते इथे लिहितो.

१९९८ साली टोनी ब्लेअरच्या सरकारनं एक कायदा आणला आणि त्यातून 'अँटिसोशल बिहेवियर ऑर्डर' नावाचा प्रकार आला, लोक त्याला आस्बो म्हणायचे. तुमच्या वागण्यानं घराबाहेरच्या कुणाला छळ, भीती किंवा मनस्ताप झाला, किंवा होण्यासारखा असला, तरी कोर्ट तुम्हाला अमुक रस्त्यावर जाऊ नको, तमुक मित्रांना भेटू नको असं बजावू शकायचं, आणि ते मोडलं की पाच वर्षांपर्यंत तुरुंग. आता ह्यातली गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, गोम म्हणा. केलं काय ह्याच्याइतकंच महत्त्व बघणाऱ्याला काय वाटलं ह्याला. आणि बघणाऱ्याला कुणाची भीती वाटते हे तर आधीच ठरलेलं असतं ना! ट्रॅकसूट, डोक्यावर टोपडं ओढलेलं, कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, स्वस्त भाड्याच्या घरांमधला पोरगा, तो कोपऱ्यावर नुसता उभा राहिला तरी समोरची बाई पर्स आवळून धरते. २००५ मध्ये केंटमधल्या ब्लूवॉटर ह्या अवाढव्य मॉलनं हुडी घालून डोकं झाकणाऱ्यांना सरळ बंदी केली. त्याच सुमाराला वेल्समध्ये एक यंत्र निघालं, मॉस्किटो नावाचं, त्यातून इतका बारीक किरटा आवाज येतो की तो साधारण पंचविशीच्या आतल्यांनाच ऐकू जातो. ते दुकानांच्या दारावर बसवायचे, पोरांनी तिथे रेंगाळू नये म्हणून. चोरी करणारा पोरगा आणि बसची वाट बघणारा पोरगा, कान दोघांचेही सारखेच किटणार. मामांच्या लोखंडी टोकांची ही विलायती आवृत्तीच झाली. पुढे २०१४ च्या कायद्यानं आस्बो गेली आणि तिच्या जागी दुसऱ्या नावांचे हुकूम आले, नजर काही बदलली नाही.

आता त्याच काळातली ही दुसरी बाजू. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटीत बुलिंग्डन नावाचा क्लब आहे, बड्या घरच्या मुलांचा, शेपटीचे कोट वगैरे घालून जेवायला जायचं, हॉटेलची नासधूस करायची आणि भरपाई देऊन मोकळं व्हायचं ही त्यांची ख्याती. डिसेंबर २००४ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या फायफील्ड गावातल्या एका जुन्या पबमध्ये त्यांनी असाच हैदोस घातला, वाईनच्या बाटल्या भिंतींवर फोडल्या, पोलीस आले, चौघांना धरलं, दंड झाला आणि विषय संपला. कुणी म्हणालं नाही की ह्या वर्गालाच वळण नाही. डेव्हिड कॅमेरॉन आणि बोरिस जॉन्सन दोघंही तरुणपणी ह्याच क्लबात होते, १९८७ चा त्यांचा ग्रुप फोटो प्रसिद्ध आहे, आणि पुढे दोघंही पंतप्रधान झाले.

कॅमेरॉन पंतप्रधान असतानाच ऑगस्ट २०११ ची दंगल झाली. लंडनच्या टॉटनहॅम भागातून सुरू होऊन इंग्लंडभर पसरली, दुकानं फुटली, घरं जळली, माणसं मेली, त्याचं समर्थन मी अजिबात करणार नाही. पण त्या धामधुमीत एका तेवीस वर्षांच्या मुलाला, आधीचा एकही गुन्हा नसताना, फुटलेल्या दुकानातून साडेतीन पौंडांच्या पाण्याच्या बाटल्या उचलल्या म्हणून सहा महिन्यांची कैद झाली. साडेतीन पौंड! त्याच्या दोनच वर्षं आधी खासदारांच्या खर्चाची भानगड बाहेर आली होती, त्यात एका खासदारानं आपल्या तळ्यातल्या बदकांच्या घराचे १६४५ पौंड सरकारकडे मागितलेले निघाले. ते मंजूर झाले नाहीत हे खरं. पण मागताना त्यांचा हात थरथरला नसणार.

लॉकडाऊनमधल्या डाउनिंग स्ट्रीटच्या, म्हणजे पंतप्रधानांच्या घर-कचेरीतल्या, पार्ट्या तर सगळ्यांना माहितीच आहेत, पोलिसांनी एकूण १२६ दंडाच्या नोटिसा दिल्या. मला त्यात आकड्यापेक्षा दुसरीच गोष्ट लागली. मे २०२२ मध्ये ह्या पार्ट्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकारी सू ग्रे बाईंचा रिपोर्ट आला त्यात लिहिलंय की एका पार्टीत कुणी ओकलं, झटापट झाली, आणि दुसऱ्या एका पार्टीनंतर सकाळी सफाईवालीला भिंतीवर आणि फोटोकॉपीच्या कागदांच्या खोक्यांवर रेड वाईन सांडलेली दिसली. शिवाय सिक्युरिटी आणि सफाईच्या लोकांना तिथे तुच्छतेनं वागवल्याची उदाहरणं कानावर आली असंही त्यांनी नोंदवलंय. हेच दृश्य एखाद्या कौन्सिलच्या बिल्डिंगच्या जिन्यात असतं तर त्याला अँटिसोशल म्हणायला कुणाला रिपोर्टची गरज लागली नसती.

घरी तरी काय वेगळं आहे. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलानं पोर्शे घालून दोन तरुण इंजिनियर मारले, आणि पहिल्या जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता. लोक भडकले, योग्यच होतं ते. पण तेव्हाची भाषा आठवा, 'आईबापांनी लाडावून ठेवला', 'पैशाचा माज', 'ह्या पोराला काउन्सेलिंगची गरज आहे'. म्हणजे दोष त्या मुलाचा, फार तर त्या घराचा. बंगल्यात राहणारे सगळे असलेच, असं मामा किंवा त्यांच्या सोसायटीतलं कुणी म्हणालं नाही. आणि गुन्हा अंगावर घे म्हणून घरच्या लोकांनी दबाव आणला कुणावर, तर ड्रायव्हरवर, असा पोलिसांचा आरोप आहे. ती कल्पना कुणाला सुचलीच कशी असेल ह्याचा विचार करा. ड्रायव्हरनं दारू पिऊन गाडी ठोकली हे ऐकल्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारणार नाही, हा हिशोब त्यामागे असणार, आणि तो हिशोब आपल्या सगळ्यांच्या जिवावरच केलेला असणार ना. २०२२ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कहून दिल्लीला जाणाऱ्या विमानात बिझनेस क्लासमधल्या प्रवाशानं दारूच्या नशेत एका वयस्क बाईंच्या अंगावर लघवी केल्याचा आरोप झाला, तेव्हाही चर्चा त्या एका माणसाची आणि त्याच्या नोकरीची झाली. रिक्षावाल्यानं भिंतीवर लघवी केली की मात्र तो रिक्षावाला नसतो, 'हे लोक' असतो.

हे एकाचं आणि सगळ्यांचं गणित आपल्याकडे एके काळी चक्क कायद्यात होतं, आणि ते लिहिणारे इंग्रज साहेबच होते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. पुढे तो पसरत गेला आणि आपल्याकडच्या पारधी, कैकाडी अशा अनेक जमाती त्यात आल्या, जन्मानंच गुन्हेगार, पोलिसात नोंद, हजेरी, सोलापूरच्या सेटलमेंटसारखं तारेचं कुंपण. तो १९५२ मध्ये रद्द झाला, तरी आजही कुठे चोरी झाली की पोलीस आधी कुठल्या पालावर जातात हे सांगायला नको. १९५९ चा मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा घ्या, त्यात पोटापाण्याचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी भटकणं हेसुद्धा भीक मागण्यात धरलंय. आणि इकडे इंग्लंडमध्ये उघड्यावर झोपण्याला गुन्हा ठरवणारा कायदा आला तो १८२४ मध्येच. साहेबानं आपल्या गरिबांवर आधी करून बघितलं आणि मग आमच्यावर.

माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळतंय ते हे की सगळा खेळ भिंतींचा आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं असली की पोरगा बसणार कुठे, बाहेर. भांडण बाहेर, पिणं बाहेर, मित्र बाहेर, गाणीही बाहेर. ज्याला स्वतःची खोली, गच्ची, क्लब, लोणावळ्याचा बंगला आहे त्याचा धिंगाणा भिंतींच्या आत जिरतो आणि आवाज बाहेर आलाच तर वॉचमन हळूच बेल वाजवतो. इकडेही तेच. पोरांचे क्लब, लायब्रऱ्या पैसे नाहीत म्हणून बंद करत आणायच्या आणि मग पोरं कोपऱ्यावर उभी राहतात म्हणून कौन्सिलकडे तक्रारी करायच्या.

पण थांबा, कारण इथून पुढे इकडचे काही शहाणे जी उडी मारतात ती मला मान्य नाही. त्यांचं म्हणणं हे सगळं वरच्या वर्गाच्या डोक्यातलं भूत आहे, खाली त्रास असा काही नाहीच. पुढेमागे बाग असलेल्या घरात बसून असं म्हणायला काय जातंय! इकडे कुठल्याही कौन्सिलच्या वसाहतीत जाऊन विचारा, लिफ्टमध्ये कोण मुततं, रात्री दोनला जिन्यात कोण आरडाओरडा करतं ह्यानं सगळ्यात जास्त बेजार तिथलीच माणसं असतात, आणि सर्वेक्षणांतही गरीब भागातले लोकच ह्याबद्दल जास्त तक्रार करताना दिसतात. मामांच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना गल्लीतल्या दारुड्यांचा त्रास मामांपेक्षा शंभरपट आहे, संडासच्या रांगेत त्या उभ्या असतात, मामा नाही. त्यांनाही पोलीस हवेत. फक्त त्यांनी फोन केला तर कुणी येत नाही आणि मामांच्या कठड्यावर कुणी बसलं तर बीट मार्शल येतात, आणि आले की उचलतात कुणाला, तर कदाचित मावशींच्याच मुलाला. म्हणून त्रास खोटा आहे असं मी म्हणत नाहीये. त्रास कुणाचा ऐकला जातो आणि तो कुणाच्या नावावर चढतो, भांडण तिथे आहे.

आणि आता आपली पाळी. लंडनमध्ये वेंबलीला, जिथे आपले लोक भरपूर, ईलिंग रोडवर फिरलात तर फुटपाथवर, खांबांवर पानाचे लाल डाग दिसतील, कौन्सिल धुऊन धुऊन दमलंय. त्यावर गोरा शेजारी काय म्हणतो? पान खाणारे लोक म्हणत नाही, इंडियन्स म्हणतो. त्यात मी येतो, ज्यानं आयुष्यात तंबाखूचं पान खाल्लं नाही, आणि इथे तीस वर्षं दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर काकूही येतात. हल्ली इंटरनेटवर तर कुठल्याही देशातल्या समुद्रकिनाऱ्यावरचा कचऱ्याचा व्हिडिओ बघा, खाली हेच. आपल्या मंडळींना ह्याचा भयंकर राग येतो, यायलाच पाहिजे. पण आमच्या इथल्या एका मराठी गेट-टुगेदरमध्ये ह्यावर बोलणं निघालं तेव्हा चार मिनिटांत सगळ्यांचं एकमत झालं की हे आपण नव्हेच, हे ते नवीन स्टुडंट व्हिसावर आलेले, 'कुठल्या कुठल्या गावातून येतात'. गोऱ्यानं अंगावर टाकलेलं घोंगडं झटकलं आणि लगेच खालच्या पायरीवरच्याच्या अंगावर टाकलं. तो विद्यार्थी एका खोलीत पाच जणांबरोबर राहतो आणि रात्री पार्सलं पोचवतो, म्हणजे त्यालाही भिंती कमीच.

फोनवर ह्यातलं जेवढं सांगता आलं तेवढं ऐकून मामा म्हणाले, मग पोरांना कठड्यावर बसू द्यायचं का? मी म्हटलं, बसू द्या, आणि जो थुंकेल त्याला दंड करा, त्याच पावतीपुस्तकातून तुमच्या बी विंगमधल्या त्या गाडीची काच खाली करून गुटखा थुंकणाऱ्या साहेबांचीही पावती फाडा, आणि रात्री दहानंतर गाणी बंद हा नियम कठड्याला तसा क्लबहाउसलाही लावा. त्यावर मामा थोडे हसले, मग म्हणाले साहेब कमिटीत आहेत. आमच्याकडेही पुढच्या महिन्यात रहिवाशांची मीटिंग आहे, पार्कच्या तोंडाशी असलेला बाक काढून टाकायचा की नाही ह्यावर, कारण तिथे संध्याकाळी 'ती' पोरं बसतात. मी बाक राहू द्या म्हणून लिहून पाठवलंय. आमच्याच रस्त्यावरच्या ज्या घरात दर शनिवारी पहाटेपर्यंत युनिव्हर्सिटीच्या पोरांची पार्टी चालते, त्याचा विषय अजेंड्यावर नाहीये, तो घ्या असंही त्याच ईमेलमध्ये घातलंय.