बोळक्यातला चहा

नमस्कार,

‘जुना क्रिकेटवेडा’ या नावाने तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. थोडी लागली, म्हणून दोन दिवस थांबून उत्तर देतोय. शंभर वर्षांपूर्वीचे दलित गोलंदाज बाळू पालवणकर यांच्यावरच्या माझ्या लेखातली एक ढोबळ चूक तुम्ही दाखवलीत. त्यापुढे तुमचं म्हणणं असं, की खेळाला खेळ राहू द्या, त्यात जात आणि राजकारण घुसडू नका. बाळूला गुणांवर संघात घेतलं, त्याने विकेटा काढल्या, विषय संपला.

आधी चूक. १९०६ साली हिंदू संघाने चौरंगी, म्हणजे धर्मवार चार संघांची मुंबईतली क्रिकेट स्पर्धा, जिंकली असं मी लिहून बसलो होतो. तेव्हा चौरंगी होतीच कुठे! फेब्रुवारी १९०६मध्ये बॉम्बे जिमखान्यावर युरोपियनांशी झाला तो एक सुटा सामना. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. म्हणजे १०९ धावांनी विजय. तिरंगी सुरू झाली १९०७ला, मुसलमानांचा संघ आल्यावर १९१२ला तिची चौरंगी झाली, आणि १९३७ला पंचरंगी. लेखात दुरुस्ती केली आहे. कान पकडल्याबद्दल आभार.

पण ही संघांची नावं परत एकदा वाचा की. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. मी आणखी काय घुसडणार? पाचव्या संघाचं नाव तर ‘इतर’. विजय हजारे आपल्या सांगलीचे, पण ख्रिस्ती, म्हणून ते इतरांत. १९३७ला हिंदूंनी स्पर्धेतून अंग काढून घेतलं ते ब्रेबर्न स्टेडियमवर आपल्या वाट्याला जागा कमी आल्या म्हणून. डिसेंबर १९४०मध्ये गांधीजींनी धर्मवार संघांच्या या क्रिकेटविरुद्ध मत दिलं, तेव्हाही ‘खेळात राजकारण नको’ असं म्हणणारे होतेच. तुमची परंपरा बरीच जुनी आहे!

आता बाळू. ‘गुणांवर घेतलं’ हे तुमचं वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्याचं श्रेय मी लेखातही दिलं होतं. चांभार घरातला हा मुलगा पुण्यात आधी पारशांच्या क्लबात महिना ३ रुपयांवर खेळपट्टी झाडायचा, रोलर फिरवायचा. १८९२च्या सुमाराला तो पूना क्लबात गेला, पगार झाला ४ रुपये. तिथे नेट बांधायची, आखणी करायची आणि साहेब सरावाला आला की त्याला चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज बाळूने त्याला बाद केलं की आठ आणे द्यायचा, अशी गोष्ट सांगतात. डावखुरी मंदगती गोलंदाजी अशी तासन्‌तास टाकून तयार झाली. बॅट मात्र त्या नेटमध्ये त्याच्या हाती कुणी दिली नाही. (टाकणारा कोण आणि मारणारा कोण, हे इंग्रजांनीही ठरवून टाकलं होतं.)

मग पुण्याच्या हिंदू संघाने त्याला घेतलं. घेताना वाद झाला, पण घेतलं, कारण साहेबाला हरवायचं होतं. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सगळे हाताळायचे. तोच कातड्याचा चेंडू, तोच घाम. चहाची वेळ झाली की मंडळी पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा घ्यायची आणि बाळूला बाहेर, मातीच्या बोळक्यात. जेवणाचं पान वेगळं. चेंडूचा विटाळ होत नव्हता, कपाचा होत होता. माझ्या आजीच्या घरी मोरीजवळच्या फळीवर एक कानतुटका कप पालथा असायचा. तो कुणासाठी, हे आम्हा मुलांना न सांगता ठाऊक होतं. त्यामुळे बोळक्याबद्दल वाचलं तेव्हा मला इतिहास वाचल्यासारखं वाटलं नाही.

हे पुढे बदललं, आणि ते बदलण्यात क्रिकेटचा हात होता, हे मी शंभर वेळा कबूल करीन. बरोबर खेळता तर बरोबर खायला-प्यायला काय हरकत, अशा अर्थाचं न्यायमूर्ती रानड्यांनी सुनावलं होतं म्हणतात. १८९६च्या प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईला आले, हिंदू जिमखान्याकडून खेळले, धाकटा भाऊ शिवरामही संघात आला. १९११ला पतियाळाच्या महाराजांच्या संघाबरोबर इंग्लंडला जाऊन त्यांनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. हे सगळं तुमच्या बाजूचं. पण मग एवढ्या गोलंदाजाला कर्णधार का केलं नाही? गुणच बघायचे होते ना? १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी निषेध म्हणून माघार घेतली. त्यानंतर १९२३ला विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी चौरंगी जिंकली. बोळक्यापासून नाणेफेकीपर्यंत पोचायला एका घराला तीस वर्षं आणि दोन भाऊ लागले.

आणखी एक टोमणा तुम्ही मारलात, की मी बाळूंना ‘एका विशिष्ट झेंड्याखाली’ उभं करतोय. कुठल्या झेंड्याखाली करू सांगा. १९३२च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. आंबेडकरांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. त्यांची ती भूमिका मला पटत नाही, आणि तसं मी लिहिलंही होतं. तुम्ही बहुधा तिथपर्यंत पोचला नाहीत. पण काँग्रेसने त्याच मतदारसंघात त्याच माणसाला का उभं केलं असेल? आंबेडकरांपुढे टिकेल असा, लोकांना नावाने आणि चेहऱ्याने ठाऊक असलेला माणूस हवा होता. आणि बाळूंना लोक ओळखत होते ते क्रिकेटमुळे. खेळ आणि राजकारणाचे दोन वेगळे कप्पे करायचे म्हणता, तर ही ११ हजार मतं कुठल्या कप्प्यात टाकू?

तुमच्या प्रतिक्रियेतलं शेवटचं वाक्य मात्र मला फार आवडलं. तुमच्या आजोबांनी ब्रेबर्नवर १९४३ची पंचरंगीची अंतिम लढत डोळ्यांनी पाहिली. विजय मर्चंट नाबाद २५०, हिंदू ५ बाद ५८१. इतर १३३त गारद, फॉलोऑन (म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजीला), आणि मग हजाऱ्यांच्या एकट्याच्या ३०९, संघाच्या ३८७पैकी. धाकटा भाऊ विवेक २१ धावा करून दुसरं टोक धरून उभा आणि भागीदारी ३००ची. तरी इतर डावाने हरलेच. आजोबा हिंदूंच्या बाजूला बसले असणार, तिकिटंच तशी वाटली जात. पण हजारे पेटले होते तेव्हा ते ओरडत कुणासाठी होते? घरात कधी बोलले असतील तर जरूर कळवा, पुढच्या लेखात घालतो.